घरचा ग्रॅनोला: भाजताना कोरडा, फळं फक्त वाटीत

घरी केलेला ग्रॅनोला, म्हणजे मध-तेलात घोळवून भाजलेले कुरकुरीत ओट्स, बदाम आणि बिया, बहुतेकांचा एकाच ठिकाणी बिघडतो: ट्रे ओव्हनमधून कधी काढायचा आणि काढल्यावर त्याचं काय करायचं. मोजणं, कालवणं, पसरणं हे दहा मिनिटांचं काम आहे, त्यात चुकण्यासारखं फारसं नाही. मात्र ‘ताज्या फळांचा ग्रॅनोला’ म्हणून जी कृती सगळीकडे फिरते, ज्यात स्ट्रॉबेरीचे किंवा आंब्याचे तुकडे ओट्सबरोबरच ट्रेमध्ये जातात, ती मुळातच चुकीची आहे. स्ट्रॉबेरीत ९० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, आंब्यात ८० टक्क्यांच्या वर. ते सगळं ओट्समध्ये उतरतं. ओट्स भाजायच्या ऐवजी वाफवले जातात, फळ कडेनं करपतं आणि मधे चिवट राहतं. ग्रॅनोला कुरकुरीत होतो तो पाणी निघून गेल्यामुळे. तेव्हा फळाची आणि त्याची गाठ वाटीतच पडू द्यावी, तीही अगदी खायच्या वेळी.

फळ आधीपासून आत मुरलेलं हवं असेल तर म्यूस्ली करा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला झ्युरिकमधल्या डॉ. बिर्शर-बेन्नर यांनी आपल्या रुग्णांसाठी ती सुरू केली, आणि त्यात भिजवलेल्या ओट्सपेक्षा किसलेलं कच्चं सफरचंदच जास्त असायचं. तो मऊ, ओला पदार्थ आहे आणि आपल्या जागी उत्तम आहे. दोन्हींची भेसळ केली की ना हे धड, ना ते.

काय आणि किती

घरगुती ओटीजीच्या (ओव्हन-टोस्टर-ग्रिलच्या) एका ट्रेला पुरेल असं प्रमाण: रोल्ड ओट्स (वाफवून चपटे लाटलेले) २०० ग्रॅम, बदाम ६० ग्रॅम (प्रत्येकाचे तीन-चार तुकडे, पूड नको), भोपळ्याच्या आणि सूर्यफुलाच्या बिया मिळून ४० ग्रॅम, तीळ १ मोठा चमचा, सुक्या खोबऱ्याचे पातळ काप ३० ग्रॅम, मध किंवा काकवी ८० ग्रॅम म्हणजे साधारण चार मोठे चमचे, तेल तीन मोठे चमचे, पाव छोटा चमचा मीठ, आवडीप्रमाणे दालचिनी किंवा वेलची. मोठे गठ्ठे हवे असतील तर एका अंड्याचा पांढरा भाग, फेस येईपर्यंत फेटून. अंडं चालत नसेल तर वरच्यातलेच दोन चमचे ओट्स मिक्सरमधून बारीक करून घ्या. बांधून धरायचं काम तेही करतं, थोडं कमी.

ओट्स रोल्डच हवेत. किराण्याच्या दुकानात पुढे मांडलेली पाकिटं बहुधा झटपट शिजणाऱ्या ओट्सची असतात. ते बारीक आणि पातळ लाटलेले असतात, ओव्हनमध्ये लवकर करपतात आणि चुरा होतात. पाकीट हलवून बघा: आत अख्ख्या चकत्या दिसल्या तर घ्या, भुसा दिसला तर ठेवून द्या. स्टील कट ओट्स, म्हणजे न लाटता नुसते तुकडे केलेले दाणे, तर अजिबात नकोत, ते भाजल्यावर दातांखाली खड्यासारखे येतात.

तेल खोबरेल किंवा शेंगदाण्याचं. साजूक तूपही चालतं, थंडीच्या दिवसांत तर छानच लागतं. काकवीची चव उग्र असते, म्हणून निम्मी काकवी, निम्मा मध हे प्रमाण बरं. गूळ वापरायचा तर ८० ग्रॅम गूळ दोन चमचे पाण्यात वितळवा, गाळा, आणि पुन्हा दोन-तीन मिनिटं उकळून ते घातलेलं पाणी उडवून लावा. हे उकळणं टाळलं तर भाजण्याचा वेळ वाढतो आणि तेवढ्यात बदाम करपतात.

‘गोड निम्मं केलं तर?’ ८० चे ६० ग्रॅम चालतील. त्याखाली गेलात तर गठ्ठे बांधले जाणार नाहीत. ते भाजलेले सुटे ओट्स होतील. खायला वाईट नाहीत, पण मग ग्रॅनोला जमला नाही म्हणून कृतीला नावं ठेवू नका.

बेदाणे, जर्दाळू, क्रॅनबेरी हे ओव्हनमध्ये जात नाहीत. ते फुगतात, मग कडू आणि टणक होतात. ग्रॅनोला पूर्ण गार झाल्यावर घाला.

कालवणं आणि पसरणं

तेल, मध, मीठ किंचित कोमट करून एकजीव करा, खोबरं सोडून सगळ्या कोरड्या जिनसांवर ओता, हाताने चोळून कालवा. अंड्याचा पांढरा भाग शेवटी. ट्रेमध्ये बटर पेपर, त्यावर एक-सव्वा सेंटिमीटर जाडीचा थर. वाटीच्या बुडाने घट्ट दाबा. ओटीजीत कडा मधल्या भागापेक्षा आधी लाल होतात, म्हणून कडेला थर जरा जाड आणि मधे जरा पातळ ठेवा.

भाजणं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे थंड करणं

ओटीजी १५० अंश सेल्सियसवर दहा मिनिटं तापवून घ्या, वरची-खालची दोन्ही कॉइल चालू, ट्रे मधल्या फळीवर. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्ये पंखा असतो, तिथे १४० पुरे. १८० अंशांवर वीस मिनिटांत होतो असं सांगणाऱ्या कृतींच्या वाटेला जाऊ नका. मधात फ्रुक्टोज भरपूर असतं आणि ते साध्या साखरेपेक्षा बऱ्याच कमी तापमानाला, ११० अंशांच्या आसपास, लाल व्हायला लागतं. १८० वर मध बाहेरून काळा होतो आणि ओट्सच्या आत पाणी तसंच राहतं. रंगाने झालेला दिसतो, गार झाल्यावर मऊ पडतो. ओटीजीच्या बटणावरचा आकडा आणि आतलं खरं तापमान यात वीस-वीस अंशांचा फरक सहज असतो, म्हणून ओव्हनचा थर्मामीटर घेऊन ठेवावा. ती चैन नाही.

वीस मिनिटांनी ट्रे बाहेर काढा. इथे दर पाच मिनिटांनी ढवळा असा सल्ला मिळतो, तो फक्त सुटा ग्रॅनोला हवा असेल तर पाळा. गठ्ठे हवे असतील तर एकदाच, आणि तेही ढवळायचं नाही: कालथा खाली सरकवून थराचे मोठे मोठे तुकडे उलटवा, कडेचे मधे आणा, मधले कडेला न्या, खोबऱ्याचे काप वरून पसरा आणि पुन्हा वाटीने दाबा. खोबरं सुरुवातीपासून घातलं तर ते बदामांच्या बरंच आधी जळतं. ट्रेचं तोंड फिरवून परत आत ठेवा.

पुढची पंधरा ते वीस मिनिटं समोरून हलू नका. सगळा खेळ शेवटच्या सात-आठ मिनिटांचा आहे.

नेमकी चूक इथे होते. वेळ झाली म्हणून दार उघडलं, बोटाने दाबून पाहिलं, ग्रॅनोला मऊ लागला. ‘अजून कुरकुरीत नाही’ म्हणून आणखी दहा मिनिटं ठेवला, तरी मऊच. आणखी दहा. मग काळा. गरम ग्रॅनोला मऊच असतो, तो कितीही नीट भाजलेला असला तरी. त्यातला साखरेचा पाक गरम असताना पातळ असतो आणि गार झाल्यावर काचेसारखा कडक होतो. तव्यावरून नुकती उतरवलेली चिक्की जशी वाकते आणि गार झाली की मोडते, तसंच हे. ओव्हनच्या आत कुरकुरीतपणा शोधण्यात अर्थ नाही, तो तिथे नसतोच.

मग ओळखायचं कसं? रंगावर आणि बदामावर. कडेचा नव्हे, मधला एक बदामाचा तुकडा काढून मोडा. आतून पांढरा असेल तर वेळ आहे, फिकट तांबूस झाला असेल तर ट्रे काढायची वेळ झाली. तरीही खात्री नसेल तर चमचाभर मिश्रण स्टीलच्या ताटलीत काढा आणि तीन मिनिटं थांबून मग खा. कडकडीत लागलं तर झालं. चिवट लागलं तर आणखी चार मिनिटं, आणि पुन्हा ताटली. वास खमंगावरून कडवट व्हायला लागला की एक मिनिटही थांबू नका.

झालेला ट्रे ओट्यावर जाळीवर ठेवा आणि आणखी एकदा, शेवटचं, दाबा. आता त्याला हात लावायचा नाही. तुकडा तोडून चाखायचा नाही, ‘जरा मोकळा करून ठेवते’ म्हणून चमचा फिरवायचा नाही. पाऊण ते एक तास. गरम असताना हलवलेला ग्रॅनोला सुटा होतो आणि नंतर काही केल्या पुन्हा बांधला जात नाही, कारण पाक एकदाच गोठतो. ट्रेच्या बुडाला हात लावून बघा. तो पूर्ण गार लागला की आख्खी लादी उचला आणि हवे तेवढे तुकडे मोडा.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, गोव्यात आणि मुंबईत, एक बदल करा. मध हवेतलं पाणी ओढून घेतो, आणि जुलैच्या हवेत ओट्यावर तासभर ठेवलेला ट्रे गार होता होताच सादळतो. तिथे ग्रॅनोला इच्छित रंगाच्या जरासा अलीकडे असताना ओटीजी बंद करा, दारात लाकडी चमचा अडकवून फट ठेवा आणि ट्रे आतच गार होऊ द्या. आतली हवा कोरडी असते, वाफ फटीतून निघून जाते. गार झाल्याबरोबर डब्यात. मात्र कोमट असताना झाकण लावलंत तर आतल्या आत वाफ जमते आणि सगळी मेहनत दुसऱ्या दिवशी सकाळी ओलसर मिळते.

ओव्हन नसेल तर

जाड बुडाच्या कढईत ओट्स मंद आचेवर दहा-बारा मिनिटं कोरडे भाजा, बदाम आणि बिया वेगळ्या भाजा. कढईत तेल-मध उकळून त्यावर सगळं घाला आणि मंद आचेवर आणखी सहा-सात मिनिटं सतत परता. ताटात पसरून दाबा. चव चांगली येते, गठ्ठे मात्र थोडेच आणि लहान होतात. कढईकडून त्याहून जास्त अपेक्षा नको.

आता फळं

फळ कुठलं यापेक्षा त्याचं पाणी किती सुटतं ते पाहायचं. द्राक्षं आणि डाळिंबाचे दाणे सर्वांत सोयीचे, कारण रस सालीच्या आत बंद असतो; द्राक्षं मोठ्यांसाठी अख्खीच घाला, लहान मुलांसाठी मात्र उभी चिरा. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी देठासकट धुवा, फडक्यावर कोरडी करा आणि मगच देठ काढा. देठ आधी काढलात तर फळ पाणी पितं. आंब्याच्या फोडी घ्या, रस नको. सफरचंद आणि पेरू चिरून लिंबाचे दोन थेंब चोळा. केळं अगदी शेवटी कापा. सीताफळाचा गर बिया काढून दह्यात मिसळला तर वेगळं गोड लागत नाही. कलिंगड आणि खरबूज इथे नकोत, वाटीत तळं होतं.

न शिजवलेल्या अननस, पपई आणि किवी यांत प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स असतात. दह्यात किंवा दुधात ही फळं अर्धा तास राहिली की ते पातळ आणि कडवट होतं. खायचंच तर घालून लगेच खा. अननसाच्या फोडी पॅनमध्ये चार-पाच मिनिटं परतून गार केल्या तर हा त्रास उरत नाही, आणि किंचित लाल झालेल्या फोडी जास्त चविष्टही लागतात.

एका माणसाला ४० ग्रॅम ग्रॅनोला, १०० ग्रॅम फळ, १५० ग्रॅम दही. दही अर्धा तास फडक्यात टांगून घ्या, चक्क्याइतकं घट्ट नको, फक्त वरचं पाणी गेलं पाहिजे. वाटीत खाली दही, त्यावर फळं, ग्रॅनोला सर्वांत वर आणि सर्वांत शेवटी. दुधात खायचं असेल तर दूध गार घ्या. गरम दुधात दोन मिनिटांत लापशी होते. ऑफिसला न्यायचं तर दही-फळं एका डब्यात, ग्रॅनोला फिरकीच्या झाकणाच्या छोट्या डबीत. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देत नाहीत, हे या वाटीलाही लागू.

भाजतानाच फळाची चव हवी असेल तर एकच रस्ता बरा आहे: फळ आटवणं. २०० ग्रॅम आमरस किंवा सफरचंदाचा गर नॉनस्टिक पॅनमध्ये ८० ग्रॅमपर्यंत आटवा, चमचा फिरवल्यावर पॅनचं बूड दिसत राहिलं पाहिजे. हा घट्ट गर घाला आणि मध ८० वरून ४० ग्रॅमवर आणा. ओव्हन १४० वर, वेळ दहा-पंधरा मिनिटं जास्त. गठ्ठे जरा ठिसूळ होतात आणि आठवडाभरात संपवावा लागतो.

साधा ग्रॅनोला काचेच्या किंवा स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात तीन आठवडे चांगला राहतो. चमचा कोरडा हवा. सादळला तर १२० अंशांवर आठ-दहा मिनिटं ठेवा आणि पुन्हा ट्रेमध्येच गार करा, कुरकुरीत होतो. खवट वास येत असेल तर तो बदामांचा किंवा तेलाचा असतो. तो भाजून जात नाही, डबा रिकामा करून धुवा.