व्हिक्टोरियाच्या रानात मेटल डिटेक्टरने सोने कसे शोधावे

मेलबर्नच्या वायव्येला मोटारीने दोन-अडीच तासांवर डनॉली, टार्नागुला, मॉलिआगुल, इंगलवूड, वेडरबर्न अशी लहान गावे आहेत. १८५१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या या व्हिक्टोरिया राज्यात सोने सापडल्याचे जाहीर झाले आणि जगभरातून आलेल्या लोकांनी हा परिसर अक्षरशः उकरून काढला. तरीही तेथे आजसुद्धा सोने मिळते, कारण त्या काळच्या माणसाला सोने दिसले तरच सापडत असे आणि मातीच्या ढेकळात दडलेला खडा ढिगाऱ्यावर फेकला जात असे. मॉलिआगुलजवळ ५ फेब्रुवारी १८६९ रोजी जॉन डीसन आणि रिचर्ड ओट्स यांना सापडलेला 'वेलकम स्ट्रेंजर' हा सुमारे ७० किलोंचा गोळा एका झाडाच्या मुळाशी, जमिनीखाली जेमतेम इंच-दोन इंचांवर होता. १९८० मध्ये किंगाउअरजवळ केव्हिन हिलियर यांना २७ किलोंहून जड 'हँड ऑफ फेथ' मिळाला, तो मात्र मेटल डिटेक्टरने. अशा गोष्टी ऐकून रानात जाणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे की नवख्याच्या हाती आधी खिळे आणि बंदुकीचे छर्रे येतात, आणि मिळालेच तर अर्ध्या-पाऊण ग्रॅमचे सोने मिळते. यशाचा मोठा वाटा जागेच्या निवडीचा, त्याखालोखाल कानाचा. यंत्राची किंमत त्यानंतर येते, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिले काम परवान्याचे. व्हिक्टोरियात त्याला 'मायनर्स राइट' म्हणतात. तो किरकोळ शुल्क भरून ऑनलाइन मिळतो, दहा वर्षे चालतो आणि सापडलेले सोने त्याच्या आधारे आपल्याच मालकीचे होते. या कागदामागे मोठा इतिहास आहे. महिन्याला तीस शिलिंगांपर्यंत गेलेली परवाना-फी आणि तिच्या वसुलीसाठी होणारा पोलिसांचा छळ यांतून डिसेंबर १८५४ मध्ये बॅलरॅट येथे युरेकाचा उठाव झाला आणि पुढच्याच वर्षी वार्षिक एक पौंडाचा मायनर्स राइट अस्तित्वात आला. तो शोधकाच्या जवळ असलाच पाहिजे. त्यावर सरकारी जमिनीवर आणि राज्य वनांत शोध घेता येतो. खासगी जमिनीवर मालकाची परवानगी लागते, चालू खाणपट्ट्यात पट्टेदाराची संमती लागते, आणि राष्ट्रीय उद्याने काही ठरावीक अपवाद सोडल्यास बंदच असतात. कोणता तुकडा खुला आहे हे राज्य सरकारच्या 'जिओविक' या नकाशावर निघण्यापूर्वी पाहून घ्यावे, कारण रानात गेल्यावर कुंपण नसलेली प्रत्येक जमीन सारखीच दिसते. खणण्यासाठी फक्त हातची अवजारे चालतात. हा मुलूख जा जा वुरुंग या मूळ रहिवाशांचा आहे. त्यांची दगडी अवजारे किंवा जुन्या वस्तीचे अवशेष दिसले तर तेथे खणू नये आणि काहीही उचलू नये.

पुण्या-नागपूरहून नातेवाईक हमखास विचारतात की असले यंत्र तिकडे पाठवता येईल काय. भारतात असा हौशी परवाना नाही. खनिजांच्या शोधासाठी आणि खाणकामासाठी १९५७ चा कायदा लागू होतो, आणि जमिनीत पुरलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडल्यास १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. तेव्हा हा उद्योग येथे व्हिक्टोरियातच करावा हे बरे.

जागा निवडताना सोने तेथे कसे आले हे समजून घेतल्याशिवाय एक पाऊलही टाकू नये. येथील सोने मुळात गारगोटीच्या शिरांमध्ये असते. लाखो वर्षांच्या झिजेने शिरा फुटतात, हलके दगड पाण्याबरोबर दूर वाहतात आणि पाण्याच्या एकोणीसपट जड असलेले सोने उतारावर थोडेसेच सरकून पहिल्या आडोशाला थांबते. टेकडीच्या माथ्यावर पांढऱ्या गारगोटीची रेघ असेल, तिच्याखालच्या उतारावर गंजलेल्या लोखंडाच्या रंगाचे लोहयुक्त खडे पसरलेले असतील आणि उताराच्या तळाशी जुन्या खाणकामगारांचे खड्डे असतील, तर त्या तिन्हींच्या मधला पट्टा पिंजून काढावा. जुने खड्डे नसतील तेथे सोने नसण्याचीच शक्यता अधिक, कारण ते लोक मूर्ख नव्हते. त्यांच्या खड्ड्यांच्या कडा, उपसलेल्या मातीचे ढिगारे, आणि जेथे त्यांनी वरची वीतभर माती खरवडून धुण्यासाठी नेली होती असे उथळ पट्टे, ही नवख्याला सर्वांत उपयुक्त ठिकाणे होत. ढिगाऱ्याची माती खालून वर आलेली असते, म्हणजे ढिगाच्या टोकावरची माती खड्ड्याच्या तळाची असते आणि सोने बहुधा तळाच्या मुरमालाच लागून असते. जमीन सपाट केलेले जुने ढिगारेही सोडू नयेत.

यंत्रांचे मुख्य प्रकार दोन. कमी वारंवारितेची अखंड लहर सोडणारे व्हीएलएफ यंत्र स्वस्त असते, लोखंड आणि इतर धातू यांतला फरक बऱ्यापैकी सांगते आणि सौम्य मातीत बारीक कणही पकडते. परंतु येथील तांबड्या, लोहयुक्त मातीत जमिनीचाच आवाज इतका मोठा होतो की या यंत्राची शोधण्याची खोली निम्म्याहून खाली येते. पल्स इंडक्शन यंत्र विजेचा झटका देऊन थांबते आणि जमिनीत उरलेला प्रतिसाद कसा विरत जातो ते ऐकते. मातीचा प्रतिसाद ठरावीक पद्धतीने विरत असल्याने तो वजा करता येतो, आणि म्हणूनच या भागातील अनुभवी माणसांच्या खांद्यावर बहुतेक हेच यंत्र दिसते. अॅडलेडच्या माइनलॅब कंपनीने याच मातीसाठी अशी यंत्रे विकसित केली. किंमत हजारो डॉलरांत जाते, त्यामुळे आधी सोनेरी पट्ट्यातल्या एखाद्या दुकानातून यंत्र शनिवार-रविवारसाठी भाड्याने घ्यावे आणि आपल्याला हे रुचते की नाही ते पाहूनच खिशात हात घालावा.

रानात पोहोचल्यावर प्रथम मोबाईल बंद करावा किंवा दूर ठेवावा, विजेच्या तारांपासून लांब जावे, आणि यंत्राला वातावरणातील विद्युत गोंगाट टाळणारी वाहिनी शोधू द्यावी. नंतर जेथे धातू नाही अशा जागी कॉइल, म्हणजे यंत्राच्या दांड्याच्या टोकाची चकती, जमिनीपासून वीतभर वर-खाली करीत जमिनीचा समतोल साधावा, म्हणजे मातीचा स्वतःचा आवाज वगळला जाईल असे यंत्र जुळवावे. वर-खाली करताना आवाज बदलेनासा झाला की समतोल झाला. माती बदलली, म्हणजे पिवळ्या चिकणमातीवरून तांबड्या खड्यांवर आलो, की तो पुन्हा साधावा. कानात सतत चालणारा मंद गुंजारव हाच खरा आधार आहे आणि खोलवरचे सोने त्यात फक्त एक हलकी लाट उठवते, म्हणून हेडफोन आवश्यक आहेत. कॉइल जमिनीला जवळजवळ टेकवून, पातळी न सोडता, अगदी सावकाश फिरवावी. सवयीने हात दोन्ही टोकांना वर उचलला जातो, आणि तेथेच सोने निसटते. प्रत्येक फेरा मागच्या फेऱ्यावर निम्मा चढला पाहिजे. दिवसभरात टेनिस कोर्टाएवढी जागा नीट झाली तरी काम चांगले झाले असे समजावे.

संकेत ऐकू आला की त्याच जागेवरून कॉइल आडवी आणि उभी अशी दोन्ही दिशांनी न्यावी. एकाच दिशेने येणारा, पसरट, नेमका केंद्र नसलेला आवाज बहुधा जमिनीचा किंवा लोहयुक्त 'हॉट रॉक'चा, म्हणजे धातू नसूनही यंत्र वाजवणाऱ्या दगडाचा असतो. दोन्ही दिशांनी एकाच बिंदूवर टोचणारा आवाज धातूचा असतो. बुटाच्या कडेने वरचा पालापाचोळा आणि बोटभर माती बाजूला करून पुन्हा ऐकावे. आवाज जागा बदलून बुटाबरोबर गेला तर वर पडलेला खिळा किंवा छर्रा, तेथेच राहून अधिक ठाम झाला तर खणण्याजोगे काही आहे. टिकावाच्या मागच्या बाजूला चुंबक बसवून घ्यावे आणि खणलेल्या मातीतून ते फिरवावे, म्हणजे लोखंड आपोआप निघते. टिकाव थेट संकेतावर कधीही मारू नये, बाजूने खणत आत यावे. टोक लागलेल्या खड्यावरची चकचकीत जखम पाहून वाईट वाटते आणि किंमतही उतरते. खड्ड्यातला आवाज थांबला की वस्तू उपसलेल्या मातीत आहे. ती माती प्लास्टिकच्या स्कूपमध्ये घेऊन कॉइलवरून फिरवावी, वाजली तर निम्मी तळहातावर काढावी, उरलेली पुन्हा फिरवावी, आणि असे करीत चिमूटभर उरेपर्यंत जावे. शेवटी चिमटीत राहिलेला मातकट खडा बोटाने पुसला की शिशाचा छर्रा राखाडी आणि गोल निघतो. सोने छोटे असूनही हाताला अनपेक्षितपणे जड लागते आणि त्याचा पिवळेपणा सावलीतही कमी होत नाही. शिसेही याच जातीचा आवाज देत असल्याने केवळ आवाजावरून कचरा ठरवून पुढे जाऊ नये. प्रत्येक संकेत खणावा आणि प्रत्येक खड्डा लगेच बुजवावा. तो कायद्याचाही नियम आहे.

जुन्या उभ्या खाणी झुडपांत उघड्या असतात, म्हणून कॉइलकडे बघत उलटे पाऊल टाकू नये. ऑक्टोबरपासून तपकिरी साप बाहेर पडतात, तेव्हा पोटऱ्यांवर जाड गेटर (संरक्षक पट्टे) घालावेत. टोटल फायर बॅनच्या, म्हणजे वणव्याच्या धोक्यामुळे उघड्यावर आग पेटवण्यास पूर्ण बंदी असलेल्या दिवशी रानात जाऊच नये.

घरी आल्यावर खडा कोमट साबणाच्या पाण्यात नरम ब्रशने धुवावा. गारगोटी विरघळवणारे हायड्रोफ्लोरिक आम्ल हाडांपर्यंत इजा करते, त्याच्या वाटेला जाऊ नये. गारगोटीत सोने किती आहे ते न फोडताही कळते. खडा हवेत तोलावा, मग दोऱ्याने पाण्यात लोंबता ठेवून तोलावा, आणि दोन वजनांतील फरक काढावा. त्या फरकाची २.६५ पट हवेतल्या वजनातून वजा करून उरलेल्याला १.१६ ने गुणले की सोन्याचे वजन ग्रॅममध्ये मिळते. हवेत ४० आणि पाण्यात २८ ग्रॅम भरला, तर फरक १२, त्याची २.६५ पट ३१.८, उरले ८.२, म्हणजे सोने सुमारे साडेनऊ ग्रॅम. सुबक आकाराचा खडा संग्राहक धातूच्या भावाहून अधिक देऊन घेतात, त्यामुळे तो वितळवू नये. खानापूर-आटपाडीकडचे गलाईवाले, म्हणजे सोने-चांदी गाळणारे, नातलग असतील तर तेही बारीक चुरा तेवढाच मागतील. भारतात नेताना मात्र प्रवाशांना मिळणारी शुल्कसवलत दागिन्यांपुरती असते आणि कच्चा खडा दागिन्यांत मोडत नाही, म्हणून विमानतळावर लाल मार्गिकेत जाऊन तो घोषित करावा.