प्रार्थना, शास्त्रवाचन आणि उपास रोजच्या दिवसात कसे बसवावेत

नव्या उत्साहात माणूस पहाटे 4 वाजता उठायचं ठरवतो, वर्षभरात अख्खं बायबल वाचायचा तक्ता भिंतीवर चिकटवतो आणि शुक्रवारचा उपासही धरतो. उत्पत्ती आणि निर्गम ही पहिली दोन पुस्तकं भराभर वाचून होतात. लेवीय या तिसऱ्या पुस्तकातल्या अर्पणांच्या नियमांपाशी गाडी अडते आणि मग तिन्ही गोष्टी एकदमच सुटतात. यात खोट श्रद्धेची नसते, मापाची असते. झोप झाली नाही, घरात पाहुणे आहेत, अंगात कणकण आहे, अशा दिवशीही जमेल तेवढंच माप पहिल्या महिन्यात धरावं: सकाळी 10 मिनिटं, रात्री 5 मिनिटं. उपासाला हात दुसऱ्या महिन्यात घालावा.

आधी जागा

मत्तय 6:6 मध्ये (बायबलमधलं मत्तय हे पुस्तक, अध्याय 6, वचन 6) येशू खोलीत जाऊन दार लावून घ्यायला सांगतो. स्वतंत्र खोली नसली तर एक ठरलेली खुर्ची पुरते, पण ती रोज तीच असावी. वेळ घड्याळाला बांधण्यापेक्षा न चुकणाऱ्या कामाला बांधलेली टिकते, उदाहरणार्थ दात घासून झाले की लगेच. बायबल छापील घ्यावं आणि रात्रीच खूण घालून खुर्चीवर ठेवावं. मोबाइलवर वाचायला बसलं की एखादा निरोप दिसतो आणि 10 मिनिटं तिथेच जातात. जवळ एक कागद आणि पेन्सिल असू द्यावी. वाचताना ‘बिल भरायचंय’ असं आठवलं की एका शब्दात टिपून ठेवावं, म्हणजे मन ते धरून बसत नाही.

सकाळचं वाचन

सुरुवात मार्कपासून करावी. येशूचं जीवन सांगणाऱ्या पुस्तकांतलं, म्हणजे शुभवर्तमानांतलं, सगळ्यांत लहान, अध्याय 16. मात्र रोज एक अध्याय नको, एक प्रसंग पुरे, म्हणजे साधारण 6 ते 12 वचनं. वाचायची रीत जुनीच आहे. 12व्या शतकातल्या गीगो या कार्थुसियन संघातल्या मठवासीयाने तिच्या चार पायऱ्या मांडल्या: वाचन, मनन, प्रार्थना, चिंतन. कागदावर त्या जड वाटतात, म्हणून मार्क 10:46-52 घेऊन पाहू. आंधळ्या बार्तीमयाचा प्रसंग, वचनं 7.

पहिल्यांदा पुटपुटत का होईना, पण तोंडाने वाचावं. नुसत्या डोळ्यांनी वाचलं की ओळखीची गोष्ट घसरून जाते. दुसऱ्यांदा आणखी सावकाश, आणि जिथे अडखळायला होईल तिथे थांबावं. समजा 50व्या वचनात अडखळलात: येशू बोलावतोय हे कळताच बार्तीमय अंगावरचं वस्त्र टाकून उठतो. रस्त्याकडेला भीक मागणाऱ्याजवळ दुसरं काय असणार? आणि दिसत नसताना टाकलेली वस्तू परत सापडणार कशी? 3 मिनिटं एवढ्यावरच राहावं. मग येशूचा पुढचा प्रश्न, मी तुझ्यासाठी काय करावं, हा आपल्याला विचारलाय असं धरून एका वाक्यात खरं उत्तर द्यावं. शोभेलसं नको, खरं. शेवटची 2 मिनिटं काही न मागता गप्प बसावं.

इथे नेहमी दोन चुका होतात. एक, लगेच टीकाग्रंथ, म्हणजे वचनांचा अर्थ उलगडणारं पुस्तक, उघडायचा. अभ्यास जरूर करावा, पण त्याला आठवड्यातला वेगळा तास द्यावा. दुसरी, एखादं वचन सुटं उचलून त्यात आज नोकरी सोडावी की नाही याचा कौल शोधायचा. हे टाळायला मागचा-पुढचा परिच्छेद आधी नजरेखालून घालावा. काही दिवस कुठेच अडखळायला होत नाही. तेव्हा वाचून उठावं, वाचन झालं असंच समजावं.

स्वतःचे शब्द सुचत नसतील तर स्तोत्रं आहेतच. स्तोत्रसंहितेत 150 स्तोत्रं आहेत. तारखेत 30-30 मिळवत गेलं की रोज पाच मिळतात: 7 तारखेला 7, 37, 67, 97, 127. त्यांतलं त्या दिवसाच्या मनाशी जुळेल ते एक घ्यावं. 119वं फार लांब, 176 वचनांचं, ते 31 तारखेसाठी राखावं. आणि 88वं जरूर वाचून पाहावं. ते अंधारातच संपतं. देवापुढे कुरकुर करायलाही शास्त्रात जागा आहे.

दिवसभरात

पूर्वेकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये (चर्चमध्ये) एक छोटी प्रार्थना चालत आली आहे: ‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर.’ पहिला अर्धा भाग श्वास घेताना, दुसरा सोडताना. लिफ्टची वाट पाहताना, भांडी घासताना ती सहज होते. किती वेळा झाली ते मोजू नये, मोजलं की लक्ष आकड्याकडे जातं.

रात्रीची 5 मिनिटं

16व्या शतकात येशूसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी घालून दिलेला क्रम आजही चालतो: आभार, प्रकाश मागणं, दिवसाची उजळणी, क्षमा, उद्याचा निश्चय. आभार पहिले आहेत ते उगाच नाही. ते गाळले की उजळणीचं आरोपपत्र होतं आणि माणूस चार दिवसांत ती टाळायला लागतो. आभार नेमके हवेत. ‘कुटुंबासाठी धन्यवाद’ हे नेमकं नव्हे, मुलगी आज आपणहून शेजारी येऊन बसली हे नेमकं. चूकही तशीच बोलावी: दुपारच्या बैठकीत सहकाऱ्याला तोडून बोललो. मग निश्चय आपोआप ठरतो. सहकाऱ्याची माफी त्याच्याकडेच मागायची असते, देवाशी बोलून ती उरकत नाही (मत्तय 5:23-24).

उपास

आठवड्यात एकदा, एक जेवण. दुपारचं सोडावं, पाणी भरपूर प्यावं, संध्याकाळी नेहमीएवढंच जेवावं. सुटलेल्या जेवणाची 20 ते 30 मिनिटं प्रार्थनेला आणि वाचलेले पैसे गरजवंताला. तो वेळ कामात गेला तर उरतं ते फक्त पथ्य. रोज चहा-कॉफी घेणाऱ्याने ती त्याच दिवशी तोडू नये. डोकं दुखतं ते बऱ्याचदा तिच्यासाठी, आणि दोष भुकेला जातो. मधुमेहाची औषधं किंवा इन्शुलिन घेणारे, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, खाण्याचा आजार होऊन गेलेले यांनी अन्न सोडू नये. त्यांनी संध्याकाळपासून मोबाइल आणि टीव्ही बंद ठेवावेत.

उपासाच्या दिवशी चिडचिड वाढते. यशया 58 मध्ये देवाची तक्रार हीच आहे: उपास करता आणि भांडता, मजुरांना राबवता. म्हणून त्या दिवशी अवघड बोलणी ठेवू नयेत. आणि मत्तय 6:17 प्रमाणे तोंड धुऊन नेहमीसारखं राहावं. जेवायला बोलावणाऱ्याला ‘आज नको, नंतर’ एवढं पुरे.

चुकलेला दिवस

चुकलेल्या दिवसाची थकबाकी भरू नये. चार दिवसांचे चार प्रसंग एका बैठकीत उरकणं म्हणजे वाचन नव्हे. खूण जिथे होती तिथूनच आज पुढे जावं. मंडळीतल्या एका विश्वासू माणसाला पंधरवड्यातून एकदा भेटावं आणि त्याने एवढंच विचारावं: किती दिवस बसलात, आणि कुठे अडखळलात? आठवड्यात तीनपेक्षा जास्त दिवस चुकत असतील तर 10 मिनिटांची 5 करावीत, वचनंही निम्मी करावीत. खुर्ची आणि वेळ मात्र बदलू नये.