धरणाच्या काठावर आठवडाभर: मित्रांसोबत गळाच्या मासेमारीचा बेत कसा आखावा

शनिवार-रविवारी गळ घेऊन धरणावर जाणारे खान्देशात पुष्कळ आहेत. त्यातले बरेचसे चार चिलापी (तिलापिया) मासे आणि उन्हाने भाजलेली मान घेऊन घरी येतात आणि 'पाण्यात आता मासाच राहिला नाही' म्हणतात. मासा असतो. पण रोहू, मृगळ हे बुजरे मासे नव्या जागी पडलेल्या चाऱ्याला सहसा लगेच तोंड लावत नाहीत. एकाच जागी, ठरलेल्या वेळी रोज चारा पडत राहिला की तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यांची झुंड तिथे फिरकायला लागते. दोन दिवसांत परतणाऱ्याला ती कधी दिसतच नाही. म्हणून मुक्काम आठवड्याचा हवा आणि बसायचं एकाच काठावर. पुढचं सगळं या एका गोष्टीला धरून सांगतो आहे.

पाणी निवडणं

तापीवर सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा हे बॅरेज आहेत. पाणी मोठं, रस्ता जवळ, पण वर्दळही तेवढीच. हतनूरचा जलाशय पसरट आणि गाळाचा आहे, हिवाळ्यात पाहुण्या पक्ष्यांनी भरलेला असतो. नुसतं बसून राहण्यासाठीही ती जागा सुंदर आहे. गिरणा धरण नकाशावर नाशिक जिल्ह्यात येतं, पण त्याचं पाणी चाळीसगाव-भडगावकडे येतं म्हणून आपण ते आपलंच धरतो. तिथे पाणी उघडं आहे आणि वारा फार.

खरा एकांत हवा असेल तर धडगाव-अक्कलकुव्याकडचं नर्मदेचं बॅकवॉटर. सरदार सरोवर 2019 साली पहिल्यांदा 138.68 मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत भरलं. तिथल्या काही पाड्यांवर आजही होडीनेच जावं लागतं. काठ उभा, पाणी खोल, आणि पाण्याखाली जुनी झाडं उभी असल्यामुळे गळ अडकतो. त्या पाण्याखाली कुणाची घरं आणि शेतं आहेत हे लक्षात ठेवून तिथे जा. तिथल्या माणसांशी त्याच आदराने बोला.

पहिल्यांदाच जाणार असाल तर मात्र माझा सल्ला साधा आहे: साक्री, चाळीसगाव किंवा रावेर तालुक्यातलं एखादं मध्यम धरण घ्या. पूर्ण काठ एका दिवसात पायी पाहता येईल एवढंच पाणी असावं. आम्ही पाच जण दरवर्षी साक्रीकडे जातो ते याच कारणाने.

परवानगी आधी, गळ नंतर

धरणातली मासेमारी बहुतेक ठिकाणी ठेक्याने मच्छीमार सहकारी संस्थेकडे दिलेली असते. पाण्यात मत्स्यबीज संस्थेने पैसे खर्चून सोडलेलं असतं, म्हणजे मासा कुणाचा तरी आहे. गावात जाऊन संस्थेच्या अध्यक्षांना किंवा सचिवांना भेटा, किती गळ, किती दिवस ते सांगा, जे ठरेल ते पैसे भरा आणि पावती मागून घ्या. भोई, कोळी किंवा भिल्ल कुटुंबांचं पोट त्यावर असतं. पावतीची घासाघीस करू नका.

भिंत, दरवाजे आणि सांडवा यांच्या जवळ बसायला पाटबंधारे खातं मनाई करतं, तिथे हट्ट करू नका. शिरपूर तालुक्यातलं अनेर धरण आणि पालजवळचं यावल हे वन्यजीव अभयारण्याचे भाग आहेत. तिथे 1972 चा वन्यजीव कायदा लागतो, म्हणून गळाचा विचारच नको. पाण्यात सुरुंग लावणं किंवा विष कालवणं तर 1897 च्या कायद्यापासून गुन्हा आहे. काठावर कुणी तसं करताना दिसलं तर संस्थेला लगेच कळवा.

केव्हा जायचं

पावसाळ्यात रोहू, कटला, मृगळ अंडी घालतात, तेव्हा त्यांना सोडून द्या. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा 45 अंशांवर जातो, उघड्या काठावर आठवडा निघत नाही. भर थंडीत पाणी गार पडतं आणि हे मासे सुस्तावतात. उरतात दोन चांगले काळ: दिवाळीनंतरचे तीन-चार आठवडे, आणि फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत.

तारीख पक्की करण्याआधी एक फोन मात्र कराच: रब्बीचं आवर्तन कधी सुटणार ते विचारा. एका वर्षी आम्ही हे विचारलं नाही. तीन दिवस एका उथळ खाडीत चारा टाकला, मासा लागायला सुरुवात झाली आणि चौथ्या रात्री कालव्याला पाणी सुटलं. पुढच्या दोन दिवसांत पाणी एवढं मागे सरलं की आमची चाऱ्याची जागा चिखलात उघडी पडली. तीन दिवसांची मेहनत गेली आणि नवी जागा बांधायला वेळही उरला नव्हता. आवर्तन चालू राहणार असेल तर सुरुवातीपासूनच खोल पाण्याची जागा धरा.

मुक्काम आणि माणसं

धरणांजवळ बऱ्याचदा पाटबंधारे खात्याचं विश्रामगृह असतं. आरक्षणासाठी त्या विभागाच्या कार्यकारी अभियंत्यांच्या कार्यालयात अर्ज द्यावा लागतो. कुणी अधिकारी आले तर खोली सोडावी लागू शकते, म्हणून गावातलं एखादं घर किंवा दोन तंबू हाताशी ठेवा. तंबूसाठी काठापासून दूर, उंचावरची जागा घ्या.

माणसं चार किंवा पाच, त्याहून जास्त नकोत. कॉन्ट्री निघण्याआधीच एकाकडे जमा करा आणि हिशेब त्याच्याकडेच राहू द्या. स्वयंपाक, लाकडं-पाणी आणि भांडी यांच्या पाळ्या पहिल्याच रात्री लावा. एक जण कायम गळावर आणि एक जण कायम चुलीवर असं झालं की चौथ्या दिवशी तोंडं फिरतात. मासेमारीची फारशी आवड नसलेला एखादा मित्रही सोबत असू द्या. त्याच्यामुळे गप्पांना दुसरे विषय मिळतात.

सामान

महागडा रॉड लागत नाही. साधा सात-आठ फुटी रॉड, रील आणि 0.35 मिलिमीटरचं तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, रोहू-मृगळाला पुरतं. गळ 6 ते 8 नंबरचे, चिलापीसाठी 10-12 चे बारीक, मरळ आणि शिंगाडा या मोठ्या माशांसाठी 1/0 च्या पुढचे. शिसं, तरंगे, हातजाळी, नाकाडी पक्कड, बर्फाची पेटी, डोक्याला लावायची बॅटरी आणि मच्छरदाणी. मच्छरदाणी डासांपेक्षाही सापांसाठी महत्त्वाची आहे. मण्यार रात्री अंथरुणात शिरते, म्हणून जाळीच्या कडा गादीखाली खोचूनच झोपा.

गाठ घरीच शिकून घ्या. तंगूस गळाच्या डोळ्यातून ओवा, टोकाने मूळ दोरीभोवती पाच-सहा वेढे द्या, टोक डोळ्याजवळच्या पहिल्या फटीतून परत काढा, थुंकीने ओलं करा आणि मगच हळूहळू आवळा. कोरडी गाठ आवळली की घर्षणाने तंगूस तापतं आणि नेमकं तिथेच कमजोर होतं. मोठा मासा तुटून गेला तर आधी टोक बघा. पिळवटलेलं, कुरळं टोक हाती आलं तर गाठ सुटली आहे, दोरी तुटलेली नाही.

पहिला दिवस: गळ बांधूनच ठेवा

हे सगळ्यात कठीण जातं, पण पहिल्या दिवशी गळ टाकू नका. काठाने चाला. जुन्या नाल्याचं पात्र कुठून पाण्यात शिरतं, बाभळीची खोडं कुठे बुडाली आहेत, वारा कुठल्या काठाला लाटा लोटतो ते पाहा. वाऱ्याकडच्या काठाला खाद्य वाहत येतं आणि त्यामागे मासा. पाण्यावर बारीक बुडबुड्यांची रांग सरकताना दिसली तर खाली मृगळ किंवा सायप्रिनस (कॉमन कार्प) गाळ उकरत असण्याचा संभव आहे. गवताच्या कडेला 'टप्प' आवाज आला की समजा मरळ हवा घ्यायला वर आली. एका दोरीला शिसं बांधून ठिकठिकाणी खोली मोजा. आठ ते दहा फूट पाणी आणि जवळच उतार, अशी जागा मिळाली तर थांबा.

आणि विचारा. आम्ही पहिल्या वर्षी एका सुंदर, सावलीच्या जागेवर बैठक मांडली होती. जाळं झाडत बसलेले एक म्हातारे भोईबाबा म्हणाले, "आठे नको टाकू दादा, तठे टाक. तठे जुना नाला शे." तठे म्हणजे शंभर पावलांवर, भर उन्हात, खडकाळ काठावर. आजही आम्ही तिथेच बसतो.

चारा

दिवसाला दोन किलोच्या आसपास चारा पुरतो. शेंगदाण्याची ढेप रात्री भिजत घाला. सकाळी त्यात भाताचा कोंडा, शिजवलेली ज्वारी किंवा मका आणि काठावरचीच मूठ-दोन मूठ माती कालवा. मातीमुळे गोळा जड होऊन सरळ तळाशी जातो. संत्र्याएवढे पाच-सहा गोळे सकाळी, तेवढेच दिवस मावळताना, एकाच खुणेवर टाका. समोरच्या काठावरचं एखादं झाड खूण म्हणून धरा. जास्त टाकलं तर मासा तिथेच पोट भरतो आणि उरलेलं कुजून जागा नासते.

गळाला लावायचं आमिष वेगळं. कणिक, भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट आणि चिमूटभर गूळ घेऊन मळा. कानाच्या पाळीइतकं मऊ झालं की त्यात कापसाचा एक बारीक पुंजका पिंजून मिसळा. तंतू कणकेला धरून ठेवतात, आमिष पाण्यात लवकर विरघळत नाही आणि लहान मासे ते टोचून टोचून पळवू शकत नाहीत. आपल्या मुलखात कापूस कुठल्याही बांधावर मिळतो. बोराएवढी गोळी करा, गळाचं टोक जेमतेम झाकेल अशी.

दुसऱ्या दिवसापासून

फटफटायच्या आधी बसा, नऊ-साडेनऊला उठा. पुन्हा चारपासून अंधार पडेपर्यंत. दुपारी झोपा, तंगूस तपासा, गावात चक्कर मारा. मृगळ तळाशी खातो, रोहू मधल्या पाण्यात, कटला वरच्या थरात. म्हणून पाच जणांनी तरंगे वेगवेगळ्या खोलीवर लावावेत आणि कुणाला काय लागलं ते मोकळेपणाने सांगावं.

तरंगा वाचायला शिकणं हाच या आठवड्याचा खरा अभ्यास आहे. टकटक, टकटक आणि काहीच नाही, म्हणजे चिलापी. तरंगा अचानक वर उचलला जाऊन आडवा पडला तर तळातल्या माशाने आमिष शिशासकट उचललं आहे, तिथे लगेच झटका द्या. तरंगा हळूच एका बाजूला चालायला लागतो, थांबतो, आणि मग तिरपा होऊन पाण्यात जातो, ती बहुधा रोहूची रीत. तो चालत असताना हात शिवशिवतात, पण थांबा. बुडाला की मनगटाने ओढा, खांद्याने नको. मोठा रोहू पहिली धाव जोरात घेतो. रीलचा ड्रॅग (दोरी सुटण्याचा ताण) सैल ठेवा, रॉड उभा धरा, त्याला पळू द्या. दोन-तीन धावांनंतर तो कुशीवर येतो, मग खालून हातजाळी द्या.

तळहातापेक्षा लहान रोहू-कटला ओल्या हाताने धरून परत सोडा. मरळीच्या बाबतीत आणखी एक: पाण्यावर तांबूस पिल्लांचा घोळका दिसला तर खाली नर-मादी राखण करत असतात. तिथे गळ टाकू नका. आई-बाप गेले की तो सगळा घोळका इतर माशांच्या पोटात जातो.

चूल

पहिल्या दोन दिवसांत मासा मिळेल असं धरू नका. वरण-बट्टीचं सामान, बामणोदची वांगी आणि कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ सोबत घ्या. वांगी पऱ्हाटीच्या (कापसाच्या वाळक्या काड्यांच्या) जाळावर भाजा, हिरवी मिरची-लसूण त्याच जाळात. मासे मिळाले की लगेच पोट साफ करा, कल्ले काढा आणि बर्फात ठेवा. चिलापीच्या पोटातलं काळं पापुद्र्यासारखं आवरण खरवडून काढलं आणि तुकडे मीठ-हळद-लिंबाने चोळून धुतले की गाळाचा वास बराच जातो. कांदा आणि सुकं खोबरं निखाऱ्यावर काळपट होईतो भाजून काळ्या मसाल्यासोबत वाटा, आणि कालवणाला उकळी आल्यावरच तुकडे सोडा. आधी सोडले तर मोडतात.

जीव जपा

होडीत बसायचं तर लाइफ जॅकेट घालूनच, आणि दारू पिऊन कुणीही पाण्याजवळ जायचं नाही. आमच्या गटात हा नियम आहे आणि त्यावर चर्चा होत नाही. पाणी ओसरलेल्या काठावर वरून सुकलेला दिसणारा गाळ मांडीपर्यंत खचतो, काठी टोचून पाहिल्याशिवाय पाय देऊ नका. शिंगाड्याच्या कल्ल्यामागे आणि पाठीवर टोकदार काटा असतो, माशाला फडक्याने धरा. शिंगी मासा डसला तर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवल्याने वेदना उतरते. मोबाइलला रेंज कुठे येते आणि जवळचं ग्रामीण रुग्णालय कोणतं, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना माहीत हवं. 108 ला फोन करायला टेकडी चढावी लागणार असेल तर ती वाट उजेडात पाहून ठेवा.

निघण्याच्या सकाळी

शेवटच्या संध्याकाळचे एक-दोन चांगले मासे चौकीदाराच्या आणि पावती देणाऱ्यांच्या घरी द्या. मग गळ आवरून सगळ्यांनी मिळून काठ पुन्हा एकदा चाला, या वेळी हातात पिशवी घेऊन. तंगुसाचा वीतभर तुकडाही मागे ठेवू नका. तीन वर्षांपूर्वी आमच्या जागेपासून थोड्या अंतरावर एक पाणकावळा बाभळीच्या फांदीला लटकलेला सापडला. कुणीतरी टाकलेलं तंगूस पंखाभोवती गुंडाळलं गेलं होतं. एकाने त्याच्यावर टॉवेल टाकून धरला, दुसऱ्याने नखं कापायच्या कात्रीने एकेक वेढा कापला. त्याला पाण्याच्या कडेला ठेवला, तर बराच वेळ तो पंख पसरून तसाच उभा राहिला. आम्ही गाडीत सामान भरून वळून पाहिलं तेव्हा खडक रिकामा होता.