स्ट्राव्हावरच्या जुन्या राईड्स गोल्डनचीतात कशा आणाव्यात

व्यायामाच्या नोंदी ठेवणारं एंडोमोंडो ॲप ३१ डिसेंबर २०२० ला बंद झालं. ज्यांनी आपल्या फाइली मुदतीत उतरवून घेतल्या, त्यांच्या राईड्स वाचल्या. बाकीच्यांच्या हातात आठवणी उरल्या, नोंदी नाहीत. म्हणून राईड्स नोंदवायचं स्ट्राव्हा ॲप आवडत असलं आणि सोडायचं नसलं, तरी या लेखातलं पहिलं काम, म्हणजे अर्काइव्ह (तुमच्या सगळ्या डेटाचा एकत्र गठ्ठा) मागवणं, आजच करून ठेवा. दुसऱ्या सॉफ्टवेअरवर जायचं ठरलं असेल तर पुढचंही वाचा.

इथे उदाहरण घेतलंय ते स्ट्राव्हातून गोल्डनचीतात जाण्याचं. गोल्डनचीता हे राईड्सचं विश्लेषण करणारं सॉफ्टवेअर मोफत आणि मुक्तस्रोत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतं, आणि मुख्य म्हणजे सगळा डेटा तुमच्याच संगणकावर ठेवतं. फोनवर मात्र ते चालत नाही. मित्रांच्या राईड्स पाहणं, शाबासकी देणं, सेगमेंटवरची (रस्त्याच्या ठरलेल्या तुकड्यावरची) चुरस यातलं काहीच त्यात नाही. ते हवं असेल तर स्ट्राव्हाचं मोफत खातं शेजारी चालू ठेवावं.

अर्काइव्ह मागवा

हे काम संगणकाच्या ब्राउझरवरून करा. स्ट्राव्हाच्या 'सेटिंग्ज'मध्ये 'माय अकाउंट' उघडा. खाली 'डाउनलोड ऑर डिलीट युअर अकाउंट' असं लिहिलेलं दिसेल, तिथलं 'गेट स्टार्टेड' दाबा. पुढच्या पानावर 'रिक्वेस्ट युअर अर्काइव्ह' हे बटण आहे. त्याच पानावर, थोडं खाली, खातं कायमचं पुसून टाकण्याचंही बटण आहे. घाई करू नका, बटणावरचा मजकूर वाचूनच क्लिक करा.

काही तासांत झिप फाइलची लिंक मेलवर येते. राईडचे फोटो टाकायची सवय असेल तर फाइल मोठी असते, तेव्हा वायफायवर उतरवा. उतरली की लगेच तिची एक प्रत पेनड्राइव्हवर किंवा वेगळ्या डिस्कवर ठेवा आणि त्या प्रतीला हात लावू नका. पुढची सगळी तोडमोड दुसऱ्या प्रतीवर करायची.

स्ट्राव्हाला गोल्डनचीता थेट जोडून राईड्स ओढता येतात, मग एवढा खटाटोप कशाला? कारण थेट जोडणीतून मूळ फाइल मिळत नाही. स्ट्राव्हाने त्या फाइलमधून काढून ठेवलेले वेग, हृदयगती, उंची असे आकड्यांचे प्रवाह तेवढे मिळतात. गार्मिन किंवा वाहूच्या सायकल कॉम्प्युटरच्या मूळ फाइलमध्ये असलेल्या बऱ्याच गोष्टी त्यात नसतात. जुना डेटा आणायचा तर मूळ फाइलच आणावी.

झिपमध्ये काय असतं

'ॲक्टिव्हिटीज' नावाच्या फोल्डरात राईडमागे एक फाइल असते. सायकल कॉम्प्युटरवरून चढवलेल्या राईड्स बहुधा फिट (.fit) किंवा टीसीएक्स (.tcx) प्रकारच्या असतात. फोनवर नोंदवलेल्या, विशेषतः जुन्या, बऱ्याच राईड्स जीपीएक्समध्ये (.gpx) येतात. फिट सगळ्यांत चांगली: लॅप, सेन्सर, पॉवर, तापमान सगळं तिच्यात नीट बसतं. जीपीएक्स मुळात फक्त जागा, वेळ आणि उंचीसाठी बनली, हृदयगती आणि केडन्स (पायडल फिरवण्याची गती) तिच्यात जोडपट्टीसारखे लावलेले असतात. टीसीएक्स या दोहोंच्या मधली.

बऱ्याच फाइली पुन्हा जीझेड (.gz) प्रकारात आवळलेल्या असतात. विंडोजवर सेव्हन-झिप घ्या, सगळ्या जीझेड फाइली निवडा, राइट क्लिक करून 'एक्स्ट्रॅक्ट हिअर' म्हणा. मॅकवर निवडून डबल क्लिक पुरेसं आहे. मग फिट, टीसीएक्स आणि जीपीएक्स अशी तीन वेगळी फोल्डर्स करा. पुढे एखादा प्रकार अडला तर दोष कुठे आहे ते लगेच कळतं.

राईडचं नाव, वर्णन आणि सायकल हे सगळं या फाइलींत मिळेलच असं नाही. ते सगळं 'ॲक्टिव्हिटीज' याच नावाच्या सीएसव्ही तक्त्यात आहे. म्हणून हा तक्ता फाइलींइतकाच मोलाचा.

सीएसव्ही उघडताना

राईड्सना 'रविवारचा सिंहगड' किंवा 'पावसात बोपदेव' अशी मराठी नावं दिली असतील, तर एक्सेलमध्ये डबल क्लिक करून फाइल उघडू नका. अक्षरांचा चुराडा होतो, आणि तसंच सेव्ह केलं तर नावं कायमची जातात. रिकामी शीट उघडा, 'डेटा' टॅबमधून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' निवडा आणि फाइलचा उगम '६५००१ : युनिकोड (यूटीएफ-८)' ठेवा. लिबरऑफिस उघडतानाच लिपी विचारतं, तिथे यूटीएफ-८ सांगा.

आता तारखेचा स्तंभ पाहा. समजा, रविवारी पहाटे ५:१० ला तुम्ही स्वारगेटहून निघालात. तक्त्यात ती राईड शनिवारी रात्री ११:४० ची दिसेल. डेटा बिघडलेला नाही. तक्त्यातली वेळ जागतिक वेळ आहे आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढे. आपल्याकडे उन्हाच्या आधी निघायची रीत असल्याने साडेपाचच्या आत सुरू झालेली प्रत्येक राईड तक्त्यात आदल्या दिवशी जाऊन बसते. तारखेवरून फाइल शोधत बसलात तर अर्धा दिवस जाईल. शेजारी एक स्तंभ वाढवून साडेपाच तास मिळवा.

दुसरा गोंधळ अंतराचा. अंतराचा स्तंभ दोनदा येतो, एकदा किलोमीटरमध्ये आणि पुढे एकदा मीटरमध्ये. बेरीज पहिल्यावर करा. वेग मीटर प्रति सेकंदात असतो, ३.६ ने गुणलं की ताशी किलोमीटर मिळतात.

फाइलच्या नावाचा स्तंभ जिथे रिकामा आहे, त्या हाताने टाकलेल्या नोंदी. त्यांची फाइलच नाही. ट्रेनरवर (घरातच सायकल चालवायच्या स्टँडवर) मारलेले तास असे टाकले असतील तर नव्या सॉफ्टवेअरमध्येही ते हातानेच भरावे लागतात. त्या ओळी गाळून वेगळ्या यादीत ठेवा.

स्ट्राव्हाच्या सायकलींच्या पानावर चेन, टायर, कॅसेट यांचे किलोमीटर लावून ठेवले असतील तर ते आजच्या तारखेसह वहीत उतरवा. हे काम हमखास राहून जातं, आणि मग चेन कधी बदलली होती हे कुणालाच आठवत नाही.

गोल्डनचीताची तयारी

पहिल्यांदा उघडल्यावर गोल्डनचीता खेळाडूचं नाव, जन्मतारीख, वजन विचारतं आणि त्या नावाचं फोल्डर करतं. ते कुठे झालंय हे लक्षात ठेवा, पुढे बॅकअप घ्यायचा तो याच फोल्डरचा.

राईड्स आत घेण्याआधी झोन, म्हणजे कष्टाच्या पातळ्यांचे पट्टे, भरा. पॉवर मीटर (पायडलवरचा जोर वॅटमध्ये मोजणारं उपकरण) असेल तर क्रिटिकल पॉवरचा, म्हणजे बराच वेळ टिकवता येणाऱ्या वॅटचा, आजचा एकच आकडा भरून थांबू नका. तारखेगणिक ओळी घालता येतात: २०२१ च्या जानेवारीपासून १८०, २०२२ च्या जूनपासून २०५, असं. आजचा आकडा सगळ्या जुन्या राईड्सना लावला तर तेव्हाचे कष्ट कमी दिसतात आणि तंदुरुस्तीचा आलेख खोटा होतो. पॉवर मीटर नसेल तर हृदयगतीचे झोन भरा आणि आलेख हृदयगतीवर आधारलेल्या 'ट्रिम्प' या मापावर लावा. स्ट्राव्हा पॉवर मीटरशिवायही अंदाजे वॅट दाखवतं, पण ते त्याचं स्वतःचं गणित आहे. मूळ फाइलमध्ये ते नसतं, त्यामुळे इथे येणार नाही. न आलेलंच बरं.

आधी पाच राईड्स

सगळा ढीग एकदम टाकू नका. एक फिट, एक टीसीएक्स, एक जीपीएक्स, एक ट्रेनरवरची आणि एक खूप लांब, २०० किंवा ३०० किलोमीटरच्या ब्रेव्हेची (ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब राईडची) असेल तर उत्तम, अशा पाच निवडा. 'ॲक्टिव्हिटी' मेनूतून 'इम्पोर्ट फ्रॉम फाइल' घ्या किंवा फाइली खिडकीत ओढून सोडा. यादीत तारीख, सुरुवातीची वेळ, कालावधी, अंतर दिसेल. सुरुवातीची वेळ नीट पाहा: पहाटेची राईड पहाटेचीच दिसली पाहिजे. गोल्डनचीता संगणकाचा टाइम झोन धरतं, म्हणून दुबईत किंवा लंडनमध्ये असताना केलेल्या राईड्स पुण्यातल्या संगणकावर भारतीय वेळेने दिसतील.

पाचही बरोबर आल्या की वर्षावर्षाने पुढे जा, एका वेळी शंभर-दोनशे. प्रत्येक वर्ष संपलं की राईड्सची संख्या आणि एकूण किलोमीटर तक्त्याशी ताडून पाहा. किलोमीटरमध्ये किरकोळ फरक चालेल, संख्येत एकाचाही नको.

अडतं कुठे

टीसीएक्स फाइली नाकारल्या गेल्या तर त्यातली एक नोटपॅडमध्ये उघडा. पहिल्या ओळीत '<?' या चिन्हाच्या आधी बऱ्याचदा दहा मोकळ्या जागा असतात. एक्सएमएलचा नियम असा की ही घोषणा फाइलच्या अगदी पहिल्या अक्षरापासून सुरू झाली पाहिजे, म्हणून वाचणारा प्रोग्रॅम तिथेच थांबतो. जागा पुसा, सेव्ह करा, फाइल आत जाते. शेकडो असतील तर नोटपॅड प्लस प्लसमध्ये 'फाइंड इन फाइल्स' घ्या, शोधायच्या चौकटीत त्या दहा जागा आणि '<?' टाका, बदलायच्या चौकटीत नुसतं '<?'. टीसीएक्सचं अख्खं फोल्डर मिनिटभरात दुरुस्त होतं.

राईड १९८९ सालची दिसली तर उपकरणाचं घड्याळ शून्यावर होतं: फिट फाइलचं कालमापन ३१ डिसेंबर १९८९ पासून सुरू होतं. तारीख जवळजवळ वीस वर्षं मागे गेली असेल तर कारण वेगळं. जीपीएसचा आठवड्यांचा मोजक १०२४ वर पोचून ६ एप्रिल २०१९ ला पुन्हा शून्यावर आला, आणि जुन्या काही उपकरणांना ते झेपलं नाही. दोन्ही वेळा खरी तारीख शोधून हाताने घाला.

कमाल वेग ताशी ९० किलोमीटर आहे अशी एखादी राईड निघेल. घड्याळ बंद करायचं राहून गाडीतून घरी आलात आणि नंतर स्ट्राव्हावर शेपूट कापलीत, असा तो प्रकार. कात्री स्ट्राव्हावरच्या प्रतीला लागली होती, मूळ फाइल अख्खीच राहिली. आयात झाल्यावर कमाल वेगानुसार क्रम लावा, अशा राईड्स आपोआप वर येतील.

जुन्या कात्रजच्या बोगद्यासारख्या ठिकाणी सिग्नल तुटून नकाशावर सरळ रेघ किंवा भलतीच उडी दिसते. 'एडिट' मेनूत जीपीएस दुरुस्तीची सोय आहे. एकेका राईडवर वापरा, सगळ्यांवर सरसकट नको.

चढाचे आकडे जुळणार नाहीत

इथे बरेच जण हिरमुसतात. स्ट्राव्हावर १,२०० मीटर चढ दाखवणारी राईड इथे १,०५० दाखवेल. वायुदाबमापक असलेल्या उपकरणाची उंची आणि फोनने उपग्रहावरून काढलेली उंची मुळातच वेगळी. शिवाय फोनच्या राईडला स्ट्राव्हा स्वतःच्या नकाशातली उंची लावतं. गोल्डनचीता फाइलमधली उंची घेतं आणि ठरावीक मीटरांपेक्षा लहान चढउतार मोजत नाही. ती मर्यादा सेटिंग्जमध्ये बदलता येते. एकदा ठरवा आणि मग बदलू नका, नाहीतर २०२० ची तुलना २०२४ शी करता येणार नाही.

पावसाळ्यातल्या राईड्स खास तपासा. वायुदाबमापकाच्या बारीक छिद्रात पाणी बसलं की दाब चुकीचा वाचला जातो. सपाट रस्त्यावर डोंगर उभा राहतो, नाहीतर सिंहगडाचा चढ निम्मा होतो.

तंदुरुस्तीचा आलेखही शून्यातून सुरू होतो. तो ४२ दिवसांच्या हिशेबावर चालतो: एकसारखा सराव धरला तर ४२ दिवसांनी खऱ्या पातळीच्या साधारण ६३ टक्के आणि १२६ दिवसांनी ९५ टक्के. म्हणून फक्त शेवटचे दोन महिने आणून 'माझी तंदुरुस्ती घसरली' असं समजू नका. निदान मागचे सहा महिने तरी आत हवेतच.

यापुढच्या राईड्स

सायकल कॉम्प्युटर केबलने जोडा आणि त्यातल्या 'ॲक्टिव्हिटी' फोल्डरातल्या फिट फाइली थेट आयात करा. आठवड्यातून एकदा, रविवारच्या चहाबरोबर, पुरे. केबल आणि स्ट्राव्हाची जोडणी असे दोन्ही रस्ते एकाच वेळी उघडे ठेवू नका. सुरुवातीची वेळ सेकंदाने जरी हलली तरी तीच राईड दोनदा बसते आणि महिन्याचे किलोमीटर फुगतात.

याच फाइली दुसऱ्या एखाद्या ऑनलाइन सेवेवर चढवणार असाल, तर चढवण्याआधी तिथली गोपनीयता लावा. स्ट्राव्हावर घराभोवतीचा भाग लपवलेला असला तरी मूळ फाइलमध्ये तुमच्या फाटकापर्यंतचा प्रत्येक बिंदू शाबूत असतो.

जुनं खातं पुसायचंच असेल तर दोन-तीन महिने थांबा, तोवर राहून गेलेली एखादी राईड नक्की सापडते. सशुल्क सदस्यत्व फोनच्या ॲप स्टोअरमधून घेतलं असेल तर ते तिथेच जाऊन रद्द करावं लागतं. नुसतं ॲप काढून टाकल्याने पैसे कापले जाणं थांबत नाही.