चांगल्या काउन्सेलरला सुपरवायझर कसं करायचं (दोन दिवसांत होत नाही)

"आमच्याकडे चार सीनियर काउन्सेलर आहेत, त्यांना सुपरवायझर करायचंय, दोन दिवसांचं वर्कशॉप घ्याल का?" असा फोन वर्षातून तीन-चारदा तरी येतो. घेते मी वर्कशॉप, पण आधीच सांगते की यात फक्त सुरुवात होईल, पुढचे सहा महिने प्रत्येकीने निदान एका ज्युनियरला दर पंधरवड्याला सुपरव्हिजन द्यायचं (म्हणजे तिच्या केसेसबद्दल तिच्यासोबत बसून बोलायचं) आणि त्या सुपरव्हिजनचं सुपरव्हिजन माझ्याकडे किंवा दुसऱ्या कुणाकडे घ्यायचं, मान्य असेल तरच बोलू. नाहीतर सर्टिफिकेट मिळतं, फोटो ग्रुपवर जातात आणि ज्युनियर पोरं होती तिथेच राहतात.

आधी निवड. पंधरा वर्षं अनुभव आहे म्हणून कुणाला घेऊ नका, मी एवढंच बघते की ही बाई (किंवा बुवा) अजून स्वतःच्या अडकलेल्या केसेस दुसऱ्याला दाखवते का. जिला वाटतं की आपलं आता शिकून झालंय, तिच्यासमोर ज्युनियर स्वतःची चूक कशाला उघडी करेल.

पहिला व्यायाम कायम एकच: दहा मिनिटं सल्ला बंद. ऐकायला सोपं वाटतं, पण चांगल्या काउन्सेलरला हेच सगळ्यात जड जातं, कारण केस ऐकली की तिचं मन सरळ क्लायंटकडे धावतं आणि समोर बसलेली ज्युनियर दिसतच नाही. मागच्या बॅचमधला रोल प्ले सांगते. ज्युनियर म्हणाली, "मॅडम, क्लायंट तीन सेशन झाले गप्पच असते, सासूचा विषय काढला की ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसते." सुपरवायझर लगेच, "अगं जीनोग्राम काढून घे ना तिच्याकडून, आणि सुरुवातीला थोडं ब्रीदिंग कर." (जीनोग्राम म्हणजे घरातल्या माणसांचा आणि नात्यांचा तक्ता.) ज्युनियरने वहीत लिहून घेतलं, मान हलवली, संपलं. मी थांबवलं आणि विचारलं, या पोरीबद्दल तुला आत्ता काय कळलं? काहीच नाही. मग परत तीच केस.

"ती गप्प झाली की तू काय करतेस?"
"पुढचा प्रश्न विचारते."
"किती वेळाने?"
"लगेचच... मला ती शांतता सहनच होत नाही मॅडम."

आता कुठे काम सुरू झालं. जीनोग्रामने या केसमध्ये काहीही हललं नसतं, कारण क्लायंटला गप्प बसायला जागाच मिळत नव्हती.

इथे थिअरी आणा, आधी नको. जनीन बर्नार्डचं १९७९ चं डिस्क्रिमिनेशन मॉडेल नवीन सुपरवायझरला पटकन हाताला लागतं. सुपरवायझरच्या तीन टोप्या: टीचर, काउन्सेलर, कन्सल्टंट. आणि बघायच्या तीन गोष्टी: ज्युनियर सेशनमध्ये प्रत्यक्ष काय करते, केस कशी समजून घेते आणि त्यात तिचं स्वतःचं काय ढवळून निघतं. वरच्याच केसवर लावून बघा. शांततेत थांबायचं कसं हे करून दाखवलं तर टीचरची टोपी, "या गप्प बसण्याचा अर्थ तुला काय वाटतो?" असं बरोबरीने बसून बघितलं तर कन्सल्टंट, आणि "शांतता झाली की तुझ्या आत काय होतं?" विचारलं की काउन्सेलरची टोपी. ही तिसरी टोपी जपून घाला बरं का. आपल्याला तिचीच सवय, त्यामुळे बघता बघता ज्युनियरची थेरपी सुरू होते. मी नियम करून दिलाय की तिच्या आतलं विचारायचं ते या क्लायंटच्या कामाला लागेल तेवढंच, घरातलं जुनं दुखणं वर आलं तर ते तिच्या स्वतःच्या थेरपिस्टकडे.

रेकॉर्डिंगशिवाय ट्रेनिंग म्हणजे पोहण्याचा क्लास वर्गात घेणं. माझ्या सुरुवातीच्या एका सुपरव्हिजनची टेप ऐकली तेव्हा कळलं की ५० मिनिटांत ३५ मिनिटं मीच बोलत होते, आणि मला वाटत होतं काय छान ऐकलं आपण! नॉर्मन केगनची इंटरपर्सनल प्रोसेस रिकॉलची पद्धत वापरा: टेप लावायची, ज्युनियरला वाटेल तिथे तिने थांबवायची आणि "या क्षणी मनात काय चाललं होतं?" एवढंच विचारायचं, चूक-बरोबर काढायचं नाही. क्लायंटची लेखी परवानगी लागेल, "टेप कोण ऐकणार आणि कधी डिलीट होणार" हे त्यात साध्या मराठीत लिहा, आणि फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका, खरंच नका. सरकारी ओपीडीत किंवा शाळेत रेकॉर्डिंग जमत नसेल तर सेशन संपल्या संपल्या दहा मिनिटांचा संवाद शब्दशः लिहून आणायला सांगा. तेवढंही पुरतं.

फीडबॅकला वेळ द्या, आपल्याकडे घोडं इथेच अडतं. एकतर "छान केलंस गं" नाहीतर एकदम शाळेतल्या बाई. आणि ज्युनियर "हो मॅडम, तुम्ही म्हणाल तसं" म्हणून मोकळी. प्रत्येक फीडबॅकला टेपमधलं एक वाक्य जोडायची सक्ती करा. "तुझी एम्पथी कमी पडली" याच्यातून काही कळत नाही, पण "बाराव्या मिनिटाला ती म्हणाली 'जाऊ दे' आणि तू विषय बदललास, ते 'जाऊ दे' काय होतं?" यातून कळतं. अगदी नवीन असेल तिला थेट सांगितलेलं बरं वाटतं, दोन-तीन वर्षं झालेली वाद घालते, तिला घालू द्या.

पॅरलल प्रोसेसबद्दलही सांगा, क्लायंट आणि काउन्सेलरमध्ये जे चाललंय तेच सुपरव्हिजनच्या खोलीत उमटतं, मनोविश्लेषक हॅरल्ड सर्ल्सने १९५५ मध्येच लिहिलंय. ज्युनियर रात्री अकराला "मॅडम अर्जंट" मेसेज करायला लागली तर तिचा क्लायंट तिला किती वाजता मेसेज करतो ते विचारा. पण हे शिकल्यावर महिनाभर सगळ्यांना सगळीकडे पॅरलल प्रोसेसच दिसतो, तेव्हा जरा आवरा.

रिस्कच्या बाबतीत मात्र सल्ला बंदचा नियम गुंडाळून ठेवायचा, थेट सांगायचं. १६ वर्षांच्या मुलीने काकाने केलेल्या लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलंय आणि ज्युनियरने "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊन टाकलंय, अशी केस रोल प्लेला द्याच. पॉक्सो कायदा २०१२, कलम १९ प्रमाणे माहिती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला द्यावीच लागते, न देणं कलम २१ खाली गुन्हा आहे, त्यामुळे "पुढच्या आठवड्यात बघू" चालत नाही. मुलीला हे कोण आणि कोणत्या शब्दांत सांगणार, तेही तिथेच बोलून बघायला लावा, कलम पाठ असतं पण ते वाक्य तोंडातून निघत नाही. आत्महत्येच्या रिस्कचं तसंच: ज्युनियरने कुणाला फोन करायचा, तो उचलला नाही तर कुणाला, हे नंबरांसकट कागदावर हवं. रात्रीसाठी टेली मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ पण लिहा.

त्याच कागदावर करार करून घ्या, किती वेळा भेटायचं, नोट्स कोण ठेवणार, वरिष्ठांना काय सांगितलं जाईल. छोट्या संस्थांमध्ये रजा मंजूर करणारी बाईच सुपरवायझर असते, ते टाळता येत नसेल तर निदान पहिल्याच दिवशी उघड बोला, कारण जिच्या हातात इन्क्रिमेंट आहे तिला कुणी आपली घसरलेली केस दाखवत नाही. ब्रिटनमध्ये काउन्सेलरांची संघटना बीएसीपी आपल्या अ‍ॅक्रेडिटेड मेंबरांकडून महिन्याला किमान दीड तास सुपरव्हिजन मागते, तुम्हीही तासांचा आकडा लिहूनच टाका, नाहीतर मार्चमध्ये रिपोर्ट आले की पहिलं सुपरव्हिजनच कॅन्सल होतं.

सहा महिन्यांनी लेखी परीक्षा घेऊ नका, सुपरव्हिजनच्या तीन टेप मागा: एक सुरुवातीची, एक मधली, एक जी ऐकवायची लाज वाटते ती. सोबत ज्युनियरला वेगळं बसवून विचारा, गेल्या महिन्यात मॅडमना काय सांगायचं राहून गेलं? बरंच काही निघालं तर अजून तीन महिने. आणि हे त्या सुपरवायझरला सांगाल तेव्हा ज्युनियरचं नाव मध्ये येऊ देऊ नका, टेपवरच बोला.