तबकडीतील चुंबकी अस्थिरता संगणकावर कशी उभी करावी

कृष्णविवराभोवती किंवा नवजात ताऱ्याभोवती फिरणाऱ्या वायूच्या तबकडीतून द्रव्य आत सरकायचे असेल, तर त्याला आपला कोनीय संवेग बाहेरच्या द्रव्याच्या हवाली करावा लागतो. रेणूंच्या टकरींतून निर्माण होणारी श्यानता, म्हणजे वायूतले अंतर्गत घर्षण, या कामाला फारच तोकडी पडते. शकुरा आणि सुन्याएव यांनी १९७३ मध्ये ही अडचण ‘आल्फा’ नावाच्या एका अंकात, म्हणजे ताण आणि वायूचा दाब यांच्या गुणोत्तरात, बंदिस्त केली, पण तो अंक येतो कुठून, हा प्रश्न तसाच राहिला. बाल्बस आणि हॉली यांनी १९९१ मध्ये दाखवून दिले की तबकडीत अगदी क्षीण चुंबकीय क्षेत्र असले तरी प्रवाह अस्थिर होतो आणि त्यातून टर्ब्युलन्स, म्हणजे संक्षोभ, उद्भवतो. ही अस्थिरता वेलिखोव्ह यांनी १९५९ मध्ये आणि चंद्रशेखर यांनी १९६० मध्ये फिरत्या नळकांड्यांमधील द्रवाच्या संदर्भात आधीच मांडली होती. तबकड्यांशी तिचा संबंध जुळायला तीस वर्षे लागली. खाली दिलेली पद्धत ही अस्थिरता संगणकावर पहिल्यांदाच उभी करणाऱ्या विद्यार्थ्यासाठी आहे.

कोड हातात घेण्यापूर्वी यंत्रणा नीट समजून घ्यावी. उभ्या क्षेत्ररेषेवरचे वायूचे दोन थेंब कल्पावेत आणि त्यांतील एक किंचित आत, दुसरा किंचित बाहेर सरकवावा. आतला थेंब अधिक वेगाने फिरत असल्यामुळे पुढे जातो आणि क्षेत्ररेषा ताणली जाते. ताणलेल्या रेषेत स्प्रिंगसारखा ताण असतो. तो आतल्या थेंबाला मागे ओढून त्याचा कोनीय संवेग कमी करतो आणि बाहेरच्याला पुढे ओढून त्याचा वाढवतो. परिणामी आतला आणखी आत जातो, बाहेरचा आणखी बाहेर, आणि ताण वाढतच राहतो. दोघांना जवळ आणणारी स्प्रिंगच त्यांना दूर ढकलते, ही गोष्ट पटायला थोडा वेळ लागतो, पण ती पटल्याशिवाय पुढचे आकडे निरर्थक वाटतील. स्प्रिंग फार ताठ असेल, म्हणजे क्षेत्र फार प्रबळ असेल, तर मात्र थेंब हलतच नाहीत आणि तबकडी स्थिर राहते.

संपूर्ण तबकडीऐवजी तिचा एक लहानसा तुकडा घ्यावा. हॉली, गॅमी आणि बाल्बस यांनी १९९५ मध्ये वापरलेली ‘शिअरिंग बॉक्स’ ही रचना आजही सुरुवातीसाठी सर्वांत सोयीची आहे. तुकड्याच्या केंद्राचा कोनीय वेग १, ध्वनिवेग १ आणि त्यामुळे तबकडीची उंचीही १ अशी एकके ठरवावीत. पेटी त्रिज्येच्या दिशेने १, कक्षेच्या दिशेने ४ आणि उभ्या दिशेने १ उंचीची पुरते. तिच्यात कक्षेच्या दिशेचा वेग केंद्रापासूनच्या अंतराला उणे दीडने गुणून येतो, आणि त्रिज्येच्या दोन्ही कडा एकमेकींच्या तुलनेत सतत सरकत असल्यामुळे तिथे साधी आवर्ती सीमा, म्हणजे एका कडेने बाहेर गेलेले दुसऱ्या कडेने आत आणणारी, चालत नाही, शिअरची (शेजारच्या थरांच्या वेगांतील फरकाची) जोड असलेली लागते. अथीना++ आणि पेन्सिल कोड या दोन्ही मुक्त प्रणालींत ही सोय आहे.

आता कागद घ्यावा. उभ्या क्षेत्राची ताकद प्लाझ्मा-बीटा, म्हणजे वायूचा दाब आणि चुंबकीय दाब यांचे गुणोत्तर, ४०० ठेवून ठरवू. त्यावरून अल्फवेन वेग, म्हणजे क्षेत्ररेषांवरून लाट धावण्याचा वेग, ध्वनिवेगाच्या ०.०७१ पट येतो. सर्वांत वेगाने वाढणाऱ्या लाटेची तरंगलांबी अल्फवेन वेगाच्या साधारण ६.५ पट भागिले कोनीय वेग इतकी असते, म्हणजे आपल्या पेटीत ०.४६. पण पेटी उभ्या दिशेने आवर्ती आहे, त्यामुळे तिच्यात पूर्ण संख्येने मावणाऱ्या लाटाच राहू शकतात. एक लाट मावत असेल तर वाढीचा दर ०.५७, दोन मावत असतील तर जवळजवळ ०.७५, तीन मावत असतील तर ०.६६ येतो, आणि चौथी लाट स्थिर असते. केप्लरच्या नियमाने फिरणाऱ्या तबकडीत हा दर कोनीय वेगाच्या पाऊण पटीपेक्षा जास्त असूच शकत नाही. पाऊण पट ऐकायला कमी वाटते, पण एका परिभ्रमणात लाटेचा आयाम त्यामुळे सुमारे १११ पट होतो. उंचीला गणिताच्या जाळीची ६४ घरे दिली तर मुख्य लाटेला २९ घरे मिळतात, आणि ती पुरेशी आहेत. आठ-दहा घरांच्या खाली गेलात तर वाढ मंदावते आणि दोष अस्थिरतेचा की जाळीचा, हे कळत नाही.

हे गणित कागदावर करून ठेवण्याचा आग्रह मी अनुभवाने धरतो. माझ्या पहिल्या प्रयत्नात वाढ व्यवस्थित झाली, चित्रेही देखणी आली, पण मोजलेला दर ०.४६ निघाला. दोन आठवडे मी सीमांच्या अटी तपासत बसलो. खरी चूक एककांत होती: कोडमध्ये चुंबकीय दाब क्षेत्राच्या वर्गाचा निम्मा धरला होता आणि मी क्षेत्र गाउसियन पद्धतीने, म्हणजे ४π च्या वर्गमुळाने गुणून, दिले होते. त्यामुळे क्षेत्र साडेतीन पट प्रबळ झाले, बीटा ४०० ऐवजी ३२ झाला आणि पेटीत कशीबशी एकच अस्थिर लाट मावली. तिचा दर सूत्रातून काढला तर बरोबर ०.४६ येतो. कागद आधी भरला असता तर दहा मिनिटांत उलगडा झाला असता.

कोडवर विश्वास ठेवण्यापूर्वी दोन चाचण्या घ्याव्यात. वर्तुळाकार ध्रुवीकरण असलेली अल्फवेन लाट पेटीतून एकदा फिरवून आणावी आणि तिचा आकार किती टिकला ते पाहावे. जाळी दुप्पट बारीक केल्यावर दुसऱ्या क्रमाच्या कोडमध्ये त्रुटी चौपट घटली पाहिजे. त्यानंतर ‘ऑर्झॅग-टँग भोवरा’ ही ठरलेली चाचणी चालवावी. चुंबकीय क्षेत्राचे अपसरण (क्षेत्ररेषा कुठे सुरू होतात वा संपतात याचे माप) शून्य राहते की नाही, यावर शेवटपर्यंत नजर हवी. ‘कन्स्ट्रेन्ड ट्रान्सपोर्ट’ पद्धतीत ते संगणकाच्या अचूकतेइतके शून्य राहते; तसे राहत नसेल तर सुरुवातीचे क्षेत्रच चुकीचे भरले आहे असे समजावे.

मुख्य धाव सुरू करताना वेगांत ध्वनिवेगाच्या दहा हजाराव्या भागाइतका यादृच्छिक गोंधळ घालावा. मग त्रिज्येच्या दिशेच्या चुंबकीय क्षेत्राचा सरासरी आयाम काळानुसार नैसर्गिक लॉगॅरिदममध्ये काढावा. थोड्या वेळाने आलेख सरळ रेषेत चढू लागतो आणि तिचा उतार ०.७५ च्या जवळ यायला हवा. ऊर्जेचा आलेख काढला तर उतार दुप्पट, म्हणजे १.५ येतो, आणि दहाच्या पायाचा लॉग घेतला तर ०.३३, दोन्ही बाबतीत गोंधळ होतो. याच काळात पेटीचे उभे काप पाहावेत. आत जाणारा आणि बाहेर जाणारा वायू आलटून पालटून सपाट थरांत वाहताना दिसतो. या ‘चॅनेल’ थरांवर पुढे दुय्यम अस्थिरता वाढते, थर फाटतात, आणि तिथून खरा संक्षोभ सुरू होतो.

आल्फा मोजताना दोन ताण एकत्र करावे लागतात: वेगांच्या चढउतारांचा रेनॉल्ड्स ताण आणि क्षेत्राचा मॅक्सवेल ताण. कक्षेच्या दिशेच्या वेगातून पार्श्वभूमीचा शिअर आधी वजा करावा, नाहीतर रेनॉल्ड्स ताण अर्थहीन होतो. मॅक्सवेल ताण रेनॉल्ड्सच्या कित्येक पट मोठा आला पाहिजे. दोन्ही सारखे आले तर आधी चिन्हे तपासावीत. पहिली वीस परिभ्रमणे टाकून द्यावीत आणि निदान पुढच्या ऐंशींची सरासरी घ्यावी, कारण निव्वळ, म्हणजे पेटीभरची सरासरी शून्य नसलेले, उभे क्षेत्र असलेल्या लहान पेटीत ताण अधूनमधून उसळी घेतो. या सगळ्या काळात उभ्या क्षेत्राची पेटीभरची सरासरी तसूभरही बदलता कामा नये.

त्यानंतर तीच धाव दुप्पट बारीक जाळीवर करावी. त्रिमितीत घरे आठपट होतात, कालपायरी निम्मी होते, त्यामुळे काम सोळापट वाढते, पण याला पर्याय नाही. निव्वळ क्षेत्र असलेल्या पेटीत आल्फा साधारण टिकतो. निव्वळ क्षेत्र शून्य ठेवून सुरुवात केली तर मात्र गोष्ट वेगळी: फ्रोमांग आणि पापालोइझू यांनी २००७ मध्ये दाखवले की श्यानता आणि रोधकता (विजेला वायूचा होणारा विरोध) स्पष्टपणे न घालता केलेल्या अशा धावांत जाळी बारीक करावी तसा आल्फा घटत जातो. म्हणजे उत्तर निसर्गाचे नसून जाळीचे असते. अशा वेळी दोन्ही गुणांक स्वतः घालावेत आणि त्यांचे गुणोत्तर, चुंबकी प्रांटल संख्या, निकालाबरोबर लिहावे. ते कमी केले की संक्षोभ क्षीण होतो आणि काही वेळा विझूनही जातो.

वर्णपट, म्हणजे कोणत्या लांबीच्या लाटांत किती ऊर्जा आहे याचा आलेख, काढायचा असेल तर सरकत्या कडांमुळे आधी निर्देशांक शिअरनुसार परत जुळवून मगच फूरिये रूपांतर घ्यावे. गोल्डराइख आणि श्रीधर यांनी १९९५ मध्ये क्षेत्राच्या आडव्या दिशेने उणे पाच तृतीयांश घात सुचवला, पण ६४ घरांच्या जाळीत ऊर्जा भरणारी मोठी लांबी आणि ती जिरवणारी लहान लांबी यांच्यात जेमतेम दहापटीचे अंतर उरते. तिथे सरळ रेषा बसवून घातांक छापणे मला मान्य नाही. ग्रह घडवणाऱ्या थंड तबकड्यांसाठी तर ही संपूर्ण मांडणी बदलावी लागते, कारण मध्यपातळीजवळ वायू इतका कमी आयनीभूत असतो की क्षेत्र त्याला नीट पकडूच शकत नाही. तिथे ओहमी रोधकतेबरोबर हॉल परिणाम आणि आयन-उदासीन घसरणही समीकरणांत घालावी लागते.