स्काऊट मास्टर व्हायचंय? आधी प्रशिक्षण

आधी वयोगट ठरवा. कब म्हणजे लहान मुलं, स्काऊट म्हणजे त्यांच्याहून मोठी; कब मास्टर आणि स्काऊट मास्टरचे कोर्स वेगळे असतात. चुकीचा केलात तर आठवडा वाया. मग कोल्हापूरच्या स्काऊट-गाइड जिल्हा कार्यालयात चौकशी करून निवासी बेसिक कोर्स करा. पुढे पथक चालवल्याचा अनुभव, मग अ‍ॅडव्हान्स्ड, शेवटी हिमालय वुड बॅज ही सर्वांत वरची पात्रता. मधला टप्पा गाळता येत नाही.

शिबिरात दमछाक होते ती लॅशिंगला, म्हणजे दोराने काठ्या एकमेकींना बांधायला. काटकोनातल्या काठ्यांच्या स्क्वेअर लॅशिंगसाठी उभ्या काठीला क्लोव्ह हिच नावाची गाठ, दोन्ही काठ्यांभोवती ३ वेढे, मग काठ्यांच्या मधून २ आवळते वेढे, पुन्हा क्लोव्ह हिच. आवळते वेढे सैल राहिले की काठ्यांचा मनोरा डुलतो. पन्हाळ्याच्या पावसात सुती दोर भिजून आखडतो, वाळला की ढिला पडतो. मुलांना वर चढवण्याआधी प्रत्येक गाठ पुन्हा ओढून बघा.